क्रीट बेटातील शेतकऱ्याचा आहार व त्याचे आरोग्य

मनुष्याच्या आरोग्याचा पाया त्याच्या आहारात आणि आहाराचा पाया त्याच्या शेतीत असतो, ही गोष्ट सर्वमान्य असली तरी तिचा मोजमापासह पुरावा क्वचितच हाती येतो. भूमध्य समुद्रातील क्रीट या ग्रीक बेटाच्या बाबतीत असा पुरावा उपलब्ध आहे. तेथील खेडुतांचे अन्न विसाव्या शतकाच्या मध्यास वजन करून मोजले गेले, त्यांच्या हृदयाची व रक्ताची तपासणी झाली आणि पुढे अनेक वर्षे त्यांच्या आयुर्मानाची नोंद ठेवण्यात आली. यंत्रे नाहीत, पैसा नाही, मांस आठवड्याकाठी जेमतेम एकदा, अशा स्थितीतील हे कष्टकरी लोक श्रीमंत देशांतील लोकांपेक्षा हृद्रोगाने फारच कमी मरत असल्याचे त्यावरून दिसून आले. हा आहार कोणता, तो कोणत्या शेतीतून निर्माण झाला, त्यात गुण कशामुळे आला आणि पुढे तो का मोडला, याची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबाने समजून घेण्यासारखी आहे.

बेट, हवामान आणि शेती

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर. बेटाच्या मध्यातून डोंगरांची रांग गेलेली असून तिच्यातील प्सिलोरीतिस हे शिखर २,४५६ मीटर उंच आहे. सपाट जमीन थोडी, उताराची व खडकाळ जमीन फार. पाऊस मुख्यतः ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या नेमके उलट तेथील ऋतुचक्र आहे. परंतु वर्षातील बरेच महिने पावसाविना काढावे लागणे ही कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण दोन्हीकडे सारखीच आहे.

या अडचणीतून तेथील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने एक पद्धत बसविली होती. उतारावर दगडी ताली घालून माती अडवावयाची आणि त्या तालींवर ऑलिव्हची झाडे लावावयाची. ऑलिव्हचे झाड अवर्षणाला दाद देत नाही व हलक्या जमिनीतही शेकडो वर्षे फळ देते. झाडांच्या मधल्या जागेत व मोकळ्या तुकड्यांत हिवाळी पावसावर जव, गहू, मसूर, हरभरा व बाकला ही पिके घेतली जात. उतारावर द्राक्षवेली असत. त्यांची काही फळे ताजी खाल्ली जात, काहींचे मनुके होत व काहींची वाइन होई. विहीर किंवा झरा असेल तेथे घराजवळ भाजीचा लहान मळा असे. अंजीर, बदाम, अक्रोड, लिंबू, संत्री आणि कॅरोब नावाच्या गोड शेंगांचे झाड ही फळझाडे बांधाने व परसात विखुरलेली असत. डोंगरावर चार-दोन शेळ्यामेंढ्या आणि अंगणात कोंबड्या एवढेच पशुधन. कुटुंबाची जमीन थोडी, तीही अनेक तुकड्यांत विभागलेली. त्यामुळे एका पिकावर सर्वस्व लावणे त्याला परवडणारे नव्हते. शेतात जितके प्रकार, तितकेच ताटात, हा तेथील नियम होता.

१९४८ ची पाहणी

दुसऱ्या महायुद्धात, मे १९४१ मध्ये, जर्मन सैन्याने क्रीटवर आक्रमण केले आणि पुढील काही वर्षे बेट परकीय अमलाखाली राहिले. खेडी जळाली, गुरे गेली, व्यापार थांबला. युद्धानंतर ग्रीक सरकारने बेटाचे राहणीमान कसे सुधारता येईल याचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानास पाचारण केले. त्यानुसार १९४८ मध्ये लेलँड ऑलबॉ यांच्या नेतृत्वाखाली विस्तृत पाहणी झाली. शेती, घरे, शिक्षण, आरोग्य व अन्न या सर्वांची माहिती घराघरांतून गोळा करण्यात आली आणि काही कुटुंबांत तर आठवडाभर अन्नाचे प्रत्यक्ष वजन करण्यात आले. या पाहणीचा वृत्तांत १९५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या वेळी क्रीटच्या माणसाला मिळणाऱ्या एकूण उष्मांकांची विभागणी पुढीलप्रमाणे आढळली :

धान्ये — ३९ टक्के
कडधान्ये, कवचफळे व बटाटे — ११ टक्के
भाज्या व फळे — ११ टक्के
तेल व इतर स्निग्ध पदार्थ (मुख्यतः ऑलिव्ह तेल) — २९ टक्के
मांस, मासे व अंडी — ४ टक्के
दूध व दुधाचे पदार्थ — ३ टक्के
साखर, मध व मद्य — ३ टक्के

म्हणजे धान्य, डाळी, भाज्या व फळे मिळून ६१ टक्के, तेल २९ टक्के आणि सर्व प्राणिज पदार्थ मिळून अवघे ७ टक्के. बाहेरून आलेल्या निरीक्षकांस तेथील भाज्या व आमट्या तेलात तरंगत असल्यासारख्या वाटल्या. आहार एकंदरीत समाधानकारक आहे, त्यात जी उणीव दिसते ती मुख्यतः गरिबीमुळे पडलेल्या तुटवड्याची आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला.

याच पाहणीत आणखी एक गोष्ट नमूद झाली असून ती विसरता कामा नये. खुद्द क्रीटच्या लोकांना हा आहार पुरेसा वाटत नव्हता. आपले जेवण समाधानकारक आहे असे म्हणणारे कुटुंब सहांमध्ये जेमतेम एक निघाले. कित्येकांनी आपण बहुधा भुकेलेलेच असतो असे सांगितले. आहार सुधारण्यासाठी काय हवे, या प्रश्नाला सर्वांत मोठ्या संख्येने मिळालेले उत्तर ‘मांस’ हे होते. म्हणजे पुढे जगभर आदर्श म्हणून गाजलेला हा आहार त्या लोकांनी आरोग्यासाठी निवडलेला नव्हता. जमीन जे देत होती आणि खिसा जे परवडू देत होता, ते ते खात होते.

नेहमीचे जेवण

जेवणाचा आधार भाकरी-पोळीप्रमाणे तेथे पाव हाच असे. जवाच्या किंवा जव-गव्हाच्या जाड पिठाचा, आंबविलेला पाव भट्टीत भाजून त्याचे तुकडे पुन्हा मंद आचेवर वाळवीत. या दोनदा भाजलेल्या कडक पावास ‘पाक्सिमादी’ म्हणतात. तो अनेक महिने टिकतो. म्हणून मेंढपाळ व शेतकरी तो झोळीत घेऊन जात आणि जेवतेवेळी पाण्यात ओला करून त्यावर तेल, टोमॅटो, थोडे चीज किंवा ऑलिव्हची फळे घालून खात. जळण व वेळ दोन्ही वाचविणारी ही सोय होती.

मुख्य जेवणात मसूर, हरभरा, वाळका बाकला किंवा घेवडा यांची कांदा व तेल घालून शिजविलेली दाट आमटी असे. उन्हाळ्यात वांगी, भेंडी, दोडका-भोपळ्याच्या जातीची फळे व टोमॅटो तेलात शिजवून त्यांची भाजी होई. हिवाळा व वसंत ऋतू हे रानभाज्यांचे दिवस. बायका व मुले सुरी आणि टोपली घेऊन शेताच्या कडेने, ऑलिव्हच्या बागांतून व डोंगरउतारावरून कडवट पाने, बडीशेपेच्या रानजातीचे कोवळे शेंडे व मोहरीच्या कुळातील पाला खुडून आणीत. या सर्वांस तेथे ‘होर्ता’ असे एकच नाव आहे. भाजी उकडावयाची, पाणी निथळावयाचे, वरून तेल घालावयाचे आणि लिंबू पिळावयाचे, इतकीच तिची कृती.

पावसानंतर गोगलगायी वेचून त्याही शिजवीत. अंडी व शेळीमेंढीच्या दुधाचे चीज थोड्या प्रमाणात असे. मांस रविवारी किंवा सणाला, तेही सर्व कुटुंबात मिळून थोडेच. जेवणानंतर गोड पदार्थाऐवजी फळ. प्रौढ पुरुष जेवणाबरोबर थोडी घरची वाइन घेत. डोंगरातील सुगंधी वनस्पतींचा काढा चहाऐवजी घेतला जाई.

१९६० च्या सुमारास क्रीटमधील प्रौढ पुरुषांचा आहार पुन्हा मोजण्यात आला. दर माणशी दररोज सरासरीने पाव ३८० ग्रॅम, फळे ४६४ ग्रॅम, भाज्या १९१ ग्रॅम, बटाटे १९० ग्रॅम, कडधान्ये ३० ग्रॅम, तेल ९५ ग्रॅम, मांस ३५ ग्रॅम आणि मासे १८ ग्रॅम असे प्रमाण आढळले. फळांचे प्रमाण येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ती बहुतांशी बाजारातून आणलेली नव्हती. बांधावरच्या व परसातल्या झाडांची होती.

उपवासाचे दिवस

क्रीटचे लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे आहेत. या पंथात उपवासाचे दिवस फार. बहुतेक बुधवार व शुक्रवार, ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवास, नाताळपूर्वीचे चाळीस दिवस व ऑगस्टमधील पंधरवडा हे सर्व धरले तर वर्षाचे निम्मे दिवस भरतात. या दिवसांत मांस, दूध, चीज व अंडी वर्ज्य असतात. मासेही बहुतेक दिवशी चालत नाहीत. शिंपले, माकुळ वगैरे चालतात. कडक उपवासाच्या दिवशी तेलही टाळले जाते. जेवण थांबत नाही, पण ते धान्य, डाळी, भाज्या व फळे यांचेच होते. अशा रीतीने गरिबीने घातलेल्या मर्यादेला धर्माचीही जोड मिळाली होती. सर्वच लोक हे नियम काटेकोरपणे पाळीत असे नव्हे. तथापि खेड्यांतील स्वयंपाकावर त्यांची छाप स्पष्ट होती.

सात देशांची तुलना

अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतील पुरुषांच्या आहाराचा व हृद्रोगाचा तुलनात्मक अभ्यास हाती घेतला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस व जपान हे ते देश. ४० ते ५९ वर्षे वयाच्या १२,७६३ पुरुषांची त्यात नोंद झाली. ग्रीसमधील काम ख्रिस्तोस आरावानिस यांच्याकडे होते आणि क्रीटमधील ६८६ पुरुष त्यात समाविष्ट होते.

पंधरा वर्षांनंतर हिशेब मांडला गेला. वयातील फरक जुळवून घेतल्यावर दर १०,००० पुरुषांमागे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या रोगाने झालेले मृत्यू फिनलंडमध्ये ९७२, अमेरिकेत ७७३ आणि क्रीटमध्ये ३८ होते. केवळ हृद्रोगच नव्हे, तर सर्व कारणांनी होणारे मृत्यूही क्रीटमध्ये सर्वांत कमी होते.

या अभ्यासातील दुसरी गोष्ट त्याहून उद्बोधक आहे. क्रीट आणि पूर्व फिनलंड या दोन्ही ठिकाणी एकूण उष्मांकांपैकी सुमारे ४० टक्के उष्मांक स्निग्ध पदार्थांतूनच येत होते. फरक होता तो त्यांच्या जातीत. फिनलंडमध्ये लोणी, साय व मांसाची चरबी यांचा भर असल्याने संपृक्त मेदाम्लांचा वाटा २० टक्क्यांहून अधिक होता. क्रीटमध्ये तो सुमारे ८ टक्के होता, कारण जवळजवळ सारा स्निग्धांश ऑलिव्हच्या तेलाचा होता. दोन्हीकडचे लोक शेतात वा रानात कष्ट करणारेच होते. त्यामुळे केवळ श्रमाने हा फरक स्पष्ट होत नाही.

या निष्कर्षांवर आक्षेपही घेतले गेले आहेत व ते ध्यानात ठेवावयास हवेत. क्रीटमधील पुरुषांची संख्या थोडी होती. आहार-पाहणीचा काही भाग उपवासाच्या काळात पडला होता. आहाराखेरीज चालणे, कष्ट, दुपारची विश्रांती व गावातील मेळाचे जीवन यांचाही प्रकृतीवर परिणाम होत असणार. म्हणून केवळ एवढ्या तुलनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्यासाठी पुढे प्रत्यक्ष प्रयोग करावे लागले.

गुण कशामुळे ?

पहिले कारण तेलाचे. ऑलिव्ह तेलात सुमारे ७० ते ८० टक्के ओलेइक आम्ल असते. लोणी-चरबीच्या जागी असे तेल वापरल्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होते. शिवाय ताजी फळे चिरडून, केवळ दाबून काढलेल्या तेलात फळातील कडवट-तिखट द्रव्ये उतरतात व ती तेलास आणि शरीरातील स्निग्धांशास खराब होण्यापासून जपतात. रासायनिक द्रावणाने काढलेल्या वा फार शुद्धीकरण केलेल्या तेलात ही द्रव्ये राहत नाहीत.

तथापि तेलाचे याहून मोठे काम निराळेच होते. तेल पावावर लोण्यासारखे थापण्यासाठी नव्हते. ते भाजी आणि डाळ रुचकर करण्यासाठी होते. कडवट रानपाला नुसता उकडून फारसा खाववत नाही; तेल व लिंबू घातले की ताटभर जातो. भाजीतील काही जीवनसत्त्वे स्निग्धांशाखेरीज शरीरात नीट शोषली जात नाहीत आणि लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पाल्यातील व डाळीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. अशा रीतीने तेल, लिंबू आणि पालेभाजी ही तिन्ही एकमेकांस पूरक होती. तेल वाढविले पण भाजी वाढविली नाही, तर क्रीटच्या आहाराचा अर्धाच भाग उचलला असे होईल.

दुसरे कारण धान्य व कडधान्य यांची जोडी. जवात असलेला चिकट विद्राव्य तंतू कोलेस्टेरॉल उतरविण्यास मदत करतो. जाड पिठाचा आंबविलेला पाव सावकाश पचतो व त्यातील खनिजे शरीरास अधिक मिळतात. धान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो तो कडधान्यात भरपूर असतो आणि कडधान्यात जो कमी तो धान्यात असतो. म्हणून मसूर व पाव एकत्र आले की मांसाविना चांगली प्रथिने मिळतात.

तिसरे कारण रानभाज्या. यांपैकी एक भाजी मराठी वाचकास पूर्ण परिचयाची आहे. तिचे नाव घोळ. आर्टेमिस सिमोपुलोस व नॉर्मन सालेम या शास्त्रज्ञांनी घोळीच्या पानांचे पृथक्करण करून १९८६ मध्ये असे दाखविले की, तीत अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल इतर पालेभाज्यांच्या मानाने पुष्कळ असते. ज्या वर्गाची मेदाम्ले माशांच्या तेलासाठी वाखाणली जातात, त्याच वर्गातील हे आम्ल शेतातल्या तणात सापडले. याच शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये ग्रीसमधील मोकळ्या फिरणाऱ्या, पाला-किडे वेचून खाणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली, तेव्हा त्यांतही ओमेगा-३ मेदाम्ले अमेरिकेतील बाजारी अंड्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाली. कोंबडीने जे खाल्ले ते अंड्यात उतरले आणि अंड्यातून ते माणसात आले.

चौथे कारण श्रम. डोंगराळ वाटांवरून विखुरलेल्या तुकड्यांकडे पायी जाणे-येणे, ताली बांधणे, खोदणे व ऑलिव्ह झोडणे यांत दिवस जाई. रोज ९५ ग्रॅम तेल पचविणारे शरीर हे असे राबणारे होते. बसून काम करणाऱ्याने तेवढे तेल घेतल्यास वजन वाढल्याखेरीज राहणार नाही.

प्रत्यक्ष प्रयोग

क्रीटच्या आहाराचा गुण दुसऱ्या देशातील लोकांस लागू पडतो की नाही, याची परीक्षा फ्रान्समधील लिओं शहरात १९८८ पासून झाली. सर्ज रेनो व मिशेल द लोर्झेरिल यांनी हृदयविकाराचा एक झटका येऊन वाचलेल्या ६०५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटास नेहमीचा वैद्यकीय सल्ला दिला. दुसऱ्यास क्रीटच्या धर्तीवरील आहार सांगितला : पाव अधिक, पालेभाज्या व कंदभाज्या अधिक, मासे अधिक, गोमांस व मेंढीचे मांस कमी, फळाशिवाय एकही दिवस नको आणि लोणी-साय अजिबात नको. फ्रेंच रुग्णांस सर्वच पदार्थांत ऑलिव्ह तेल रुचेना, म्हणून लोण्याऐवजी अल्फा-लिनोलेनिक आम्ल असलेले मोहरीवर्गीय तेलाचे मार्गारीन देण्यात आले. सरासरी २७ महिन्यांनंतर नेहमीच्या गटात हृद्रोगाने १६ मृत्यू झाले होते, तर क्रीटचा आहार घेणाऱ्या गटात ३. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे स्पेनमध्ये ७,४४७ स्त्री-पुरुषांवर असाच मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गट पाडण्याच्या पद्धतीत काही ठिकाणी दोष आढळल्याने ते मागे घेऊन फेरतपासणीनंतर २०१८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले. उत्तम ऑलिव्ह तेलासह किंवा कवचफळांसह भूमध्य आहार घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात व त्यामुळे होणारे मृत्यू यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचा निष्कर्ष फेरतपासणीतही टिकला. अशा रीतीने गरीब शेतकऱ्याच्या ताटाला प्रयोगाचा आधार मिळाला. २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्य आहाराची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली.

आहार का मोडला ?

ज्या काळात जग या आहाराची स्तुती करू लागले, त्याच काळात क्रीटमध्ये तो मागे पडत चालला होता. १९६० नंतर रस्ते, वीज, पर्यटन व पैसा बेटावर आला. किनाऱ्याच्या सपाट भागात भाजीपाल्याची काचगृहे व प्लॅस्टिकगृहे उभी राहिली. जवाची व कडधान्यांची पेरणी घटली. पीठ व डाळी बाहेरून येऊ लागल्या. ऑलिव्हच्या सलग बागा वाढल्या, त्यामुळे तेल विक्रीस गेले व मिश्र शेती कमी झाली. १९८१ मध्ये ग्रीस युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. पुढे मिळणाऱ्या अनुदानांमुळे डोंगरावरील शेळ्यामेंढ्यांचे कळप फुगले आणि चराऊ राने झिजू लागली. १९४८ मध्ये ज्याची इच्छा लोकांनी बोलून दाखविली होती, ते मांस आता रोज मिळू लागले.

क्रीट विद्यापीठातील अँथनी काफातोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांच्या अभ्यासातील हयात पुरुषांची सुमारे तीस वर्षांनी पुन्हा तपासणी केली. आहारातील संपृक्त मेदाम्ले वाढलेली, ऑलिव्ह तेलातील मेदाम्ले घटलेली आणि रक्तातील कोलेस्टेरॉल व वजन चढलेले त्यांस आढळले. आज लहान मुलांतील स्थूलपणाच्या बाबतीत ग्रीसची गणना युरोपातील वरच्या देशांत होते. बेट तेच, झाडे तीच, लोकही त्याच वंशाचे. पण शेत बदलले, ताट बदलले आणि प्रकृती बदलली.

यात क्रीटच्या शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. भूक सोसणे हा आरोग्याचा मार्ग नव्हे आणि सुबत्तेची इच्छा धरणे हा अपराध नव्हे. चूक झाली ती ही की, गरिबीबरोबर तिच्यातील चांगलेही टाकून देण्यात आले. जुन्या ताटात काय कमी आहे याची यादी झाली. काय उत्तम आहे याची यादी वेळेवर झाली नाही. शेतीसुधारणेचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हा धडा लक्षात ठेवला पाहिजे.

आपल्याकडे ग्राह्य काय ?

क्रीटचा आहार घ्यावयाचा म्हणजे महागडे ऑलिव्ह तेल विकत आणावयाचे असा समज करून घेऊ नये. ऑलिव्ह हे त्या जमिनीचे झाड आहे. ग्राह्य आहे ती त्यामागील व्यवस्था, आणि तिचे पुष्कळसे घटक महाराष्ट्रातील शेतात पूर्वीपासूनच आहेत.

घोळ आपल्या शेतात व मळ्यात आपोआप उगवते. विदर्भात तिचीच बहीण असलेली चिवळ आवडीने खातात. निंदणीत उपटलेली घोळ बांधावर फेकून देण्यापूर्वी तिचे कोवळे शेंडे घरी न्यावेत. मात्र तणनाशक वा कीटकनाशक फवारलेल्या शेतातील भाजी कधीही खाऊ नये आणि ओळख पक्की असल्याखेरीज कोणताही रानपाला शिजवू नये. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते. म्हणून मूतखड्याचा विकार असणाऱ्यांनी ती टाळावी व इतरांनी उकडून पाणी काढून टाकावे.

घोळीतील अल्फा-लिनोलेनिक आम्ल जवसात तर फारच मोठ्या प्रमाणात असते. जवसाची चटणी हा आपला जुना पदार्थ आहे. रब्बीत चार ओळी जवसाच्या घेतल्यास वर्षाची चटणी घरची होते. शेंगदाण्याच्या तेलातही ओलेइक आम्ल बऱ्यापैकी असते. घाण्याचे ताजे तेल बेताने वापरावे आणि ते तळणापेक्षा भाजी-उसळीस द्यावे. ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, पालेभाजी आणि वर लिंबाची फोड, हे ताट क्रीटच्या ताटाहून गुणाने फारसे निराळे नाही. उणीव असते ती बहुधा फळांची व भाजीच्या प्रमाणाची. बांधावर लिंबू, पेरू, शेवगा, आवळा, सीताफळ व कढीलिंब यांची दोन-दोन झाडे आणि सांडपाण्यावर परसबाग एवढ्याने ती बरीचशी भरून निघते.

वाइनचा भाग मुळीच उचलू नये. पिणाऱ्यांच्या संसाराची जी हानी होते ती कोणत्याही संभाव्य लाभाहून मोठी आहे. तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृद्रोग जडलेल्यांनी आहारबदल वैद्यांच्या सल्ल्याने करावा व चालू औषध परस्पर बंद करू नये.

सारांश

१. क्रीटच्या आहारात तीन पंचमांशांहून अधिक उष्मांक धान्य, कडधान्य, भाज्या व फळे यांतून आणि तीन दशांशाच्या आसपास तेलातून येत. प्राणिज पदार्थ नाममात्र होते.

२. एकूण स्निग्धांश किती यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे व कशाबरोबर खाल्ला जातो, हे महत्त्वाचे ठरले.

३. तेल हे भाजी व डाळ भरपूर खाण्याचे साधन होते. केवळ तेलात गुण शोधणे चुकीचे आहे.

४. मिश्र पिके, बांधावरील फळझाडे, रानभाज्या व थोडे पशुधन यांतून हा आहार निघाला. शेती एकपिकी होताच तो मोडला.

५. उत्पन्न वाढविताना घरच्या ताटासाठी जमिनीचा काही भाग राखून ठेवावा.

पुढील हंगामाचे पीकनियोजन करताना बाजारभावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : या शेतातून वर्षभर घराच्या ताटात काय काय येणार ? शेतकरी बंधूंनी हा प्रश्न घरातील भगिनींस सोबत घेऊन सोडवावा. कारण शेताचा आणि चुलीचा हिशेब त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक नसतो. क्रीटच्या शेतकऱ्याला आपल्या ताटाचे मोल ते हातचे गेल्यावर कळले. आपल्याकडे ते अद्याप बऱ्याच घरांत शिल्लक आहे. ते राखणे व त्यातील उणीव भरून काढणे हेच अधिक सोपे आणि अधिक स्वस्त आहे.